‘सगळं करा’ म्हणजे नक्की काय? अंतराळातल्या हॉस्पिटलांच्या ठरलेल्या गोष्टी

हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय, म्हणजे बहुतेक इअरफोन घरी राहिलेत आणि तुम्ही लोकलमध्ये दाराजवळ एका हाताने फोन धरून उभे आहात. हरकत नाही. ट्रान्सक्रिप्ट त्यासाठीच आहे. बोलताना घेतलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्या फार आवडीचा आहे. स्पेस ऑपेरा आणि मेडिकल ड्रामा यांचं लग्न. म्हणजे एकीकडे अंतराळयानं, परग्रहवासी, आकाशगंगेतलं राजकारण, आणि दुसरीकडे इमर्जन्सी वॉर्ड, स्ट्रेचर, ‘पेशंटचा बीपी पडतोय’. अशा गोष्टींमध्ये काही खेळ्या पुन्हा पुन्हा येतात. इंग्रजीत त्यांना ट्रोप म्हणतात. आपण ‘ठरलेली खेळी’ म्हणू. ही संकल्पना आपल्याला नवीन नाही. आपल्या मालिकेत अपघात झाला की स्मृती जाते, आणि डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आला की मास्क काढून ‘आता सगळं देवाच्या हातात’ म्हणतो. बघणाऱ्याला कळतं की पुढे काय होणार, तरी आपण बघतो. ट्रोप वाईट नसतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, माझ्या भाषेत ती डिफॉल्ट सेटिंग असते. लेखकाने वेगळं काही ठरवलं नाही, की तीच लागू होते.

अडचण एवढीच, की डिफॉल्ट सेटिंग बघणाऱ्याच्या डोक्यातही बसते. माझ्या बसली होती. ते मला मागच्या वर्षी मुलुंडच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या एका आयसीयूबाहेर कळलं. तिथे येतोच आहे. आधी खेळ्या बघू. स्पॉयलर आहेत, पण बहुतेक वीस-तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींचे आहेत, तेव्हा माफ करा.

थोडा इतिहास

अंतराळातल्या हॉस्पिटलची सगळ्यात गाजलेली मालिका टीव्हीवरची नाही, पुस्तकांची आहे. बेलफास्टचा लेखक जेम्स व्हाइट याने १९५७ मध्ये ‘सेक्टर जनरल’ ही कथा लिहिली. १९६२ मध्ये ‘हॉस्पिटल स्टेशन’ हे पहिलं पुस्तक आलं आणि १९९९ पर्यंत एकूण १२ पुस्तकं झाली. व्हाइटला स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं, पण घरची परिस्थिती नव्हती. तो आधी कपड्यांच्या दुकानात आणि नंतर विमानं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत राहिला, आणि कागदावर मात्र ३८४ मजल्यांचं हॉस्पिटल बांधलं.

टीव्हीवर ‘स्टार ट्रेक’ १९६६ मध्ये सुरू झालं आणि यानावरचा डॉक्टर हे पात्र पक्कं झालं. १९९८ मध्ये यूपीएन या अमेरिकन वाहिनीवर ‘मर्सी पॉइंट’ नावाची चक्क अंतराळ-हॉस्पिटलचीच मालिका आली आणि एका सीझनमध्ये आटोपली. २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर ‘द सेकंड बेस्ट हॉस्पिटल इन द गॅलक्सी’ ही ॲनिमेटेड मालिका आली. तिच्यात स्लीच आणि क्लाक या दोन परग्रहवासी सर्जन मैत्रिणी आहेत.

आणि आपल्याकडे? स्पेस ऑपेरा म्हणावा तर १९९८ चा दूरदर्शनवरचा ‘कॅप्टन व्योम’, मिलिंद सोमणचा. मराठीत विज्ञानकथा भरपूर आहे. आपल्या चुनाभट्टीला जिचं ऑफिस आहे त्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, हा किस्सा प्रसिद्धच आहे. मेडिकल ड्रामाही आहे. ‘मुंबई डायरीज’ हिंदीत असली तरी तिच्यातलं हॉस्पिटल अस्सल मुंबईचं वाटतं. पण दोन्ही एकत्र, अंतराळातलं हॉस्पिटल, असं आपल्याकडे गाजलेलं काही नाही.

गंमत म्हणजे त्याच्या सगळ्यात जवळची गोष्ट आपण खरोखर रुळांवर चालवतोय. लाइफलाइन एक्सप्रेस, म्हणजे जीवनरेखा एक्सप्रेस. १६ जुलै १९९१ ला, इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन आणि भारतीय रेल्वे यांनी मिळून मुंबईतून सुरू केलेली हॉस्पिटल ट्रेन. डब्यात ऑपरेशन थिएटर. दूरच्या एखाद्या लहान स्टेशनात जाऊन काही आठवडे थांबते. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, कान, पोलिओने वाकलेले पाय यांची ऑपरेशनं मोफत होतात. मग पुढचं स्टेशन. ग्रहाच्या जागी स्टेशन ठेवा, ही मालिका तयार आहे. कोणी लिहीत असेल तर मला कळवा.

खेळी पहिली: फिरवलं की निदान

स्टार ट्रेकमधलं ट्रायकॉर्डर तुम्ही पाहिलं असेल. हातात मावणारं यंत्र, पेशंटवरून फिरवायचं, की आजार कळला. लेखकाला याची गरज का पडते? कारण खरं निदान कंटाळवाणं असतं. रक्त द्या, रिपोर्ट संध्याकाळी, मग दुसरी टेस्ट, मग ‘क्लिनिकली कोरिलेट करा’. पंचेचाळीस मिनिटांत हे बसत नाही.

हे यंत्र खरोखर बनवायचाही प्रयत्न झाला. २०१२ मध्ये एक कोटी डॉलरची ट्रायकॉर्डर स्पर्धा जाहीर झाली. २०१७ मध्ये बक्षिसं वाटली, पण ठरवलेले सगळे निकष कोणालाच पूर्ण करता आले नाहीत, त्यामुळे पूर्ण रक्कम कोणालाच मिळाली नाही. शरीर हे काही लॉग फाइल नाही, एवढं त्यातून मी शिकलो.

खेळी दुसरी: एकच डॉक्टर, सगळ्यांचा

यानावर डॉक्टर एकच. तोच सर्जन, तोच मानसोपचारतज्ज्ञ, तोच विषाणूशास्त्रज्ञ, आणि काल भेटलेल्या परग्रहवासीयाचं बाळंतपणही तोच करणार. १९६७ च्या एका भागात डॉक्टर मकॉयपुढे सिलिकॉनचा, म्हणजे जवळजवळ दगडाचा, जखमी प्राणी येतो. मकॉय कुरकुरतो, पण शेवटी काँक्रीटसारखा लेप मागवतो आणि जखम लिंपून टाकतो. आपल्या सोसायटीत गळती लागल्यावर करतात तसंच. प्राणी बरा होतो!

‘सेक्टर जनरल’ने इथे उलटी वाट धरली आणि म्हणून ती मला सगळ्यात आवडते. तिथे पेशंट आला की पहिलं काम उपचार नाही, ओळख. प्रत्येक प्रजातीला चार अक्षरांचा कोड आहे, माणसांचा डीबीडीजी. आपल्या कोडमध्ये व्हेरिएबलचा डेटा टाइप जसा आधी सांगावा लागतो, तसं. शरीर कसं आहे, कुठल्या वातावरणात जगतं, हे त्यातून कळतं. हे चुकलं तर तुमचा ऑक्सिजनच त्याला विष होईल.

आणि दुसऱ्या प्रजातीवर उपचार करायचे तर डॉक्टरच्या डोक्यात त्या प्रजातीच्या एखाद्या मोठ्या डॉक्टरची सगळी स्मृती भरली जाते. ज्ञान येतं, पण सोबत त्याचा स्वभाव, त्याच्या भीती, त्याची खाण्यापिण्याची आवडही येते. मग आपल्याच ताटातलं जेवण बघून मळमळतं. पेशंटला समजून घ्यायचं तर स्वतःचं थोडं बाजूला ठेवावं लागतं, हे व्हाइटने असं गोष्टीत घालून सांगितलं. त्याच्या कथांत बहुतेक वेळा खलनायक नसतो. जो राक्षस वाटतो तो घाबरलेला किंवा दुखण्याने वेडापिसा झालेला पेशंट निघतो.

खेळी तिसरी: क्वारंटाइन

यानावर अज्ञात साथ. दारं बंद. हिरो आत अडकला. लेखकाला ही खेळी फार स्वस्तात पडते, नवा सेट लागत नाही, आणि एका खोलीत कोंडलेली माणसं आपोआप खरं बोलू लागतात.

२०२० च्या आधी मला हे भाग थरारक वाटायचे. मग मुलुंडला आणि गोरेगावच्या नेस्कोच्या मैदानावर जंबो कोविड सेंटर उभी राहिली आणि कळलं की खऱ्या क्वारंटाइनमध्ये थरार कमी, वाट बघणं जास्त. खोकल्याचे आवाज, पत्र्याचं छत, आणि घरच्यांचा व्हिडिओ कॉल लागतो की नाही याची धाकधूक. मालिकेत साथ एका भागात संपते. आपली किती चालली, ते सांगायला नको.

खेळी चौथी: बेचाळिसाव्या मिनिटाला उतारा

सगळ्यांचा जीव टांगणीला, आणि शेवटच्या तीन मिनिटांत डॉक्टरला एकदम सुचतं. एक इंजेक्शन, सगळे बरे, पुढच्या आठवड्यात कोणाला काही आठवतही नाही. आमच्या भाषेत सर्व्हर रीस्टार्ट.

ही खेळी मोडणारा एक भाग आवर्जून बघा. ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ मधला ‘द क्विकनिंग’, १९९६ चा. एका ग्रहावर पिढ्यान् पिढ्या एक रोग आहे. तरुण डॉक्टर बशीर मोठ्या आत्मविश्वासाने उतरतो, की मी आठवड्यात औषध काढतो. त्याच्याच यंत्रांमुळे रोग भडकतो आणि माणसं मरतात. तो खचतो, पण परत जात नाही, थांबतो. शेवटी औषध सापडत नाही. सापडते ती लस, जी पोटातल्या बाळाला वाचवते, आईला नाही. आई बाळाला निरोगी बघते आणि जाते. हा भाग बघून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. हरलेला डॉक्टरही पेशंटजवळ थांबू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

खेळी पाचवी: कोणावर उपचार करायचे, हे मशीन ठरवणार

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ मधला डॉक्टर माणूस नाही, होलोग्राम आहे. खरा डॉक्टर पहिल्याच भागात मरतो आणि तात्पुरता प्रोग्रॅम कायमचा होतो. प्रॉडक्शनमध्ये ‘टेम्पररी फिक्स’ टाकलेल्या प्रत्येक इंजिनिअरला हे दुःख कळेल.

२००० च्या ‘क्रिटिकल केअर’ या भागात हा प्रोग्रॅम चोरून एका हॉस्पिटल-यानाला विकला जातो. तिथे प्रत्येक माणसाला एक आकडा आहे, समाजाला त्याचा किती उपयोग यावर ठरवलेला. आकडा मोठा तर वरचा चकाचक वॉर्ड आणि औषधांची चंगळ. आकडा लहान तर खालचा वॉर्ड आणि जे उरेल ते. आकडा कॉम्प्युटर काढतो, त्यामुळे कोणालाच अपराधी वाटत नाही. शेवटी डॉक्टर प्रशासकालाच आजारी पाडतो आणि त्या कॉम्प्युटरच्या लेखी खालच्या वॉर्डात ढकलतो. मगच नियम वाकतो.

जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, डिलक्स, आणि ‘कॅशलेस अजून अप्रूव्ह झालं नाही’ हे ज्याने ऐकलंय, त्याला हा भाग फार परका वाटणार नाही.

खेळी सहावी: छातीवर तीन दाब, आणि डोळे उघडले

आता माझ्या गोष्टीकडे येतो. मॉनिटरवर सरळ रेषा, डॉक्टर छाती दाबतो, शॉक देतो, दोन सेकंद शांतता, आणि बीप. पेशंट डोळे उघडून बोलतो सुद्धा. ही खेळी अंतराळातली आहे तशी ज़मिनीवरच्या मालिकांतलीही.

१९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. संशोधकांनी ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’ या तीन अमेरिकन मालिकांचे भाग बसून बघितले आणि सीपीआर दिलेले पेशंट मोजले. टीव्हीवर ७५ टक्के लगेच वाचले, आणि ६७ टक्के घरी जाण्याइतके बरे झालेले दिसले. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण चार-पाचातला एक घरी जातो. वय जास्त, आधीचे आजार जास्त, तर त्याहून खूप कमी. आणि म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडू शकतात, हे टीव्हीवर कोणी दाखवत नाही.

एक मिनिट थांबून सांगतो, गैरसमज नको. स्टेशनवर, जिममध्ये कोणी अचानक कोसळलं, श्वास नाही, तर १०८ ला फोन लावा आणि सीपीआर सुरू करा. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. मी बोलतोय ते दीर्घ आजारात, शेवटाकडे आलेल्या माणसाबद्दल.

माझे आजोबा ८४ वर्षांचे होते. फुफ्फुसं बरीच वर्षं खराब, त्यात किडनीने साथ सोडली. आयसीयूबाहेर एक रेसिडेंट डॉक्टर आल्या. माझ्याच वयाच्या असतील, दोन रात्री झोपल्या नसाव्यात. त्यांनी विचारलं, वेळ आली तर व्हेंटिलेटर आणि सीपीआर यांचं काय करायचं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. घरात इंजिनिअर मीच, म्हणजे हॉस्पिटलचंही मलाच कळणार! मी क्षणभरही न थांबता म्हणालो, “सगळं करा.”

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, “सगळं म्हणजे काय, तुम्हाला काय वाटतं?”

मला उत्तर देता येईना. माझ्या डोक्यात चित्र होतं, पण ते बीपचं आणि डोळे उघडण्याचं होतं. ते मी पाहिलेल्या पन्नास-साठ एपिसोडचं होतं. मग त्यांनी बाकावर बसून कागदावर लिहून समजावलं. नळी घशात जाईल, बोलता येणार नाही, फुफ्फुसं अशी असताना नळी परत निघण्याची शक्यता कमी. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, दुखू नये म्हणून औषध, हे चालूच राहील.

आजी इतका वेळ पिशवी मांडीवर धरून बसली होती. ती म्हणाली, “अरे, त्यांना विचारलंत का कोणी? जागे आहेत ते.”

खेळी सातवी: मुका पेशंट

मंडळी, ही खेळी मला यादी करताना आधी सुचलीच नव्हती, कारण ती दिसत नाही. आठवून बघा. या मालिकांत पेशंट बहुतेक बेशुद्ध असतो. डॉक्टर भांडतात, कॅप्टन निर्णय घेतो, नातेवाईक काचेपलीकडे रडतात. बिछान्यावरचा माणूस हा सोडवायचा प्रश्न असतो, त्याचं मत कोणी विचारत नाही. आणि हे सोयीचं असतं. त्याला बोलू दिलं तर तो कदाचित हिरोला नको असलेलं उत्तर देईल.

आम्ही आत गेलो. आजोबांनी मास्क जरा वर केला आणि स्पष्ट सांगितलं, नळी नको, घरी न्या. मग चहा मागितला. तो मिळाला नाही, ते त्यांनी आजीला दोनदा ऐकवलं. डॉक्टरांनी त्यांच्याशी पुन्हा एकदा एकट्याने बोलून खात्री केली. चार दिवसांनी आम्ही ऑक्सिजनच्या मशीनसकट त्यांना घरी आणलं. पाच दिवस ते घरी होते. खिडकीजवळ, रेडिओ लावून, चहा पीत. सहाव्या दिवशी पहाटे गेले.

माझं ‘सगळं करा’ पाळलं गेलं असतं तर ते पाच दिवस झाले नसते. प्रत्येक घरात असंच व्हायला हवं, असं मी म्हणत नाही. कोणाचे आजोबा म्हणतील, नळी लावा, मला नातवाचं लग्न बघायचंय. तेही बरोबरच. मुद्दा उत्तराचा नाही, विचारण्याचा आहे.

आपल्याकडे यासाठी कायद्याची वाटही आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला मान्यता दिली, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. पण कागदाच्या आधी गप्पा लागतात, आणि त्या आयसीयूबाहेरच्या बाकापेक्षा घरी जेवताना बऱ्या होतात.

तेव्हा पुढच्या वेळी असा एपिसोड बघाल तेव्हा एक छोटा खेळ करा. यंत्र, उतारा, बीप, सगळं मजेत बघा, मीही बघतो. फक्त एवढं मोजा, की बिछान्यावरच्याला किती वाक्यं मिळाली. ‘सेक्टर जनरल’मध्ये पेशंट दारात आला की पहिला प्रश्न हाच असतो, की हा कोण आहे आणि याला जगायला काय लागतं. ३८४ मजल्यांच्या हॉस्पिटलला हा प्रश्न विचारावा लागतो, तर आपल्या टू बीएचकेमध्येही तो विचारता येईल.

आजीला हा भाग ऐकवला. तिला अंतराळाचं काही कळलं नाही. पण तिला काय हवंय, काय नकोय, ते तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. मी लिहून ठेवलंय.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि दारात लटकून वाचत असाल तर प्लीज आत सरका.